आमची वाटचाल : सरावाचा माल

पुण्यात आमचं मॉडेल रंगवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. पोटापाण्याचं काम आर्किटेक्टच्या मॉडेल्सचं. प्लास्टिकची किट्स जोडणाऱ्या हौशी मंडळींना एअरब्रश (कपातला रंग हवेच्या दाबाने, सुई असलेल्या नोझलमधून फवारणारं पेनासारखं अवजार) शिकवायचं काम त्याच्या आधाराने वाढलं. शिकवणीत आमचा खर्च जातो तो फेकायच्या मालावर. पहिल्या दहा तासांत एक शिकाऊ ६० ते ८० मिली पातळ केलेला रंग उडवतो, आणि तो कशावर तरी उडवावाच लागतो. हा माल स्वस्तात कसा आणायचा, हे शिकण्यात आमची बरीच वर्षं गेली. सुरुवातीला आम्ही स्वस्ताई नेमकी नको तिथे केली : रंगात.

शाळेचा पोस्टर कलर कपात घातला की दोन मिनिटांत फवारा अडखळतो. त्यातली पूड जाड असते, आणि ०.३ मिमीच्या नोझलला तेवढं पुरतं. शिवाय प्लास्टिकवर तो धरत नाही, बोट फिरवलं की निघतो. मग आणले कापडावरचे आणि हस्तकलेचे अ‍ॅक्रिलिक रंग. ते चिकटतात छान, पण सुईच्या टोकावरही तितकेच छान चिकटतात. तिथे रबरासारखी साय धरते, फवारा बंद होतो, आणि ती सुटली की एकदम थुंकल्यासारखे शिंतोडे. शिकाऊ माणसाला वाटतं आपलं बोट चुकलं. दोष बोटाचा की रंगाचा, हे कळत नसेल तर त्या सरावाला काही अर्थ नाही.

म्हणून आता पहिले दोन वर्ग फक्त फाउंटन पेनच्या शाईवर चालतात. ६० मिलीची निळी बाटली, त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालतात ते. या शाईत पूड नसते, रंग पूर्ण विरघळलेला असतो. त्यामुळे फवारा अडला तर दोष हवेचा किंवा सुईचा, तिसरं काही नाही. हवेचा दाब १० ते १५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र घेऊ नका, ती वाळली की नोझलमध्ये बसते. शाई रंगापेक्षा पातळ असल्याने जरा ट्रिगर जास्त ओढला की कागदावर थेंब साचतो आणि हवेने त्याला चहूबाजूंनी पाय फुटतात. आम्हाला तेच हवं असतं. शाईवर बोट आवरायला शिकलेला माणूस रंगावर सहसा ओघळ आणत नाही. (हात दोन दिवस निळे राहतात, हे आधी सांगून ठेवतो.)

तिसऱ्या वर्गापासून ट्यूबमधला अ‍ॅक्रिलिक. एक भाग रंग, दोन ते तीन भाग द्रावण. द्रावण आम्हीच करतो : १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, १ मिली ग्लिसरीन, भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. ग्लिसरीनमुळे सुईवर साय उशिरा धरते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते २ मिली करतो, पावसाळ्यात अर्ध्यावर आणतो, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि थर दिवसभर चिकट राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल घालायचा मोह होतो, तर आधी दोन थेंबांवर पाहा. काही रंग फाटलेल्या दुधासारखे गुठळ्या धरतात, आणि कपात असं झालं तर अर्धा तास सफाईत जातो. तामिया कंपनीच्या अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल चालतं, व्हॅलेहो कंपनीच्या पाण्यातल्या रंगांना नको. शेवटी रंग जुन्या नायलॉन मोज्यातून गाळायचा. चहाच्या गाळणीने गाळल्याचं फक्त समाधान मिळतं.

आता पृष्ठभाग. पूर्वी उत्तर सोपं होतं : प्लास्टिकचे चमचे, शेकड्याने. पुष्कळसे चमचे पॉलिस्टायरीनचे, म्हणजे किट ज्याचं असतं तेच प्लास्टिक, आणि वर खोलगट-फुगीर दोन्ही बाजू. २०१८मध्ये राज्याची बंदी आली, १ जुलै २०२२पासून देशभर, आणि चमचा संपला. पर्याय म्हणून श्रीखंडाचे डबे, झाकणं, जे मिळेल ते आणलं. रंग दुसऱ्या दिवशी साप कात टाकतो तसा सोलून येई. ते पॉलिप्रॉपिलीन होतं, त्याला पाण्यातला रंग धरतच नाही.

तेव्हापासून भंगारातला कोणताही तुकडा आम्ही आधी पाण्यात टाकतो. नखाएवढा कापा, साबणाचं बोट लावून बुडबुडे घालवा, बुडवून सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, टाकून द्या. बुडाला तर मिठाच्या घट्ट पाण्यात टाका, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं. तिथे तरंगला तर बहुधा पॉलिस्टायरीन किंवा त्याच्या जवळचं, आपल्या कामाचं. तिथेही बुडाला तर पीव्हीसी किंवा पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक). खात्रीसाठी वाकवून बघा : पारदर्शक पॉलिस्टायरीन काचेसारखं कटकन मोडतं, पॉलिप्रॉपिलीन पांढरी रेघ दाखवून वाकत राहतं.

या परीक्षेत सगळ्यात वर निघाल्या सीडीच्या डब्या. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फेरी मारली की त्या कुठे ना कुठे असतात, आणि कुणालाच नको असतात. डबीत चौकटीच्या वहीचं पान सरकवायचं, झाकण लावायचं, आणि वरून प्रत्येक छेदावर एक ठिपका. मग रेघा, मग एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला निमुळत्या होणाऱ्या रेघा. अंतर २-३ सेंमी, दाब १५ ते २०. पूर्ण थर मारायचा असेल तर ८ ते १० सेंमीवरून. थर झाल्यावर पान काढून डबी खिडकीसमोर धरली की कुठे पातळ, कुठे दाट, सगळं उघडं पडतं. अपारदर्शक पांढऱ्या प्लास्टिकवर हे दिसत नाही. त्याच दिवशी अल्कोहोलच्या फडक्याने पुसली की डबी पुन्हा तयार. आठवडाभर राहू दिली तर मात्र घासत बसावं लागतं. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर वापरू नका : डबी धुरकट होते, मग चिरते.

वापरण्यापूर्वी डबी साबणाने धुवा आणि कडेने धरा. रंगाच्या थरात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडली तर ते बोटांचं तेल असतं.

गोलाईसाठी अंड्याची टरफलं. अर्धं टरफल धुऊन, आतलं पातळ साल काढून, पुठ्ठ्यावर गोंदाने उपडं चिकटवायचं. सावलीचा सराव त्यावर इतका चांगला होतो की आम्ही विकत आणलेले गोळे बंद केले. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या अंगाला जी फवाऱ्याची छटा देतात, तसं काम शिकायला येणारेही इथूनच सुरुवात करतात. कोरडं प्लास्टर लगेच देत नाही, कारण ते रंगातलं पाणी शोषून घेतं आणि छटा डागासारखी जागच्या जागी बसते. आधी पातळ फेव्हिकॉलचा एक हात मारून वाळवावा लागतो.

सुई, नोझल आणि कॉम्प्रेसरचा पाणी अडवणारा फिल्टर यांत मात्र आता आम्ही पैसे वाचवत नाही. सुईचं टोक केसभर वाकलं तरी फवारा एका बाजूला जातो. कपात बुडबुडे दिसले तर नोझल नीट बसलेलं नाही किंवा तडकलंय. आट्यांना किंचित मधमाशीचं मेण लावून बघा, तरीही आले तर नवं घ्या. पावसाळ्यात फिल्टर नसेल तर नळीत साचलेलं पाणी थरावर येऊन पडतं, आणि शिकाऊ पुन्हा स्वतःच्या बोटाला दोष देतो.

सध्या नव्या माणसाच्या पिशवीत आम्ही देतो ते एवढंच : सहा सीडी डब्या, चौकटीची दहा पानं, शाईची बाटली, द्रावणाची १०० मिलीची बाटली, काळा आणि पांढरा अ‍ॅक्रिलिक, मोज्याचा तुकडा, आणि औषधाच्या दुकानात मिळणारे दातांच्या फटीतले दोन बारीक ब्रश, नोझल सोडून बाकी सफाईसाठी. टरफलं आपापल्या घरून आणायची.