कोकणची काळी वाळू

मी भूविज्ञान शिकवायचो हे कळलं की कुणीतरी मोबाइल पुढे करतंच. व्हिडिओत रत्नागिरीकडचा किनारा, वाळूवर फिरवलेलं लोहचुंबक आणि त्याला फुटलेली काळी दाढी. “सर, हे रेअर अर्थच ना?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दाढी मॅग्नेटाइटची, मागे राहिलेला काळेपणा बहुतेक इल्मेनाइटचा. म्हणजे लोह आणि टायटॅनियम. नियोडिमियमसारखं रेअर अर्थ मूलद्रव्य असलंच तर तुमच्या हातातल्या चुंबकात.

‘रेअर’, म्हणजे ‘दुर्मिळ’, हे नावच फसवं. त्यांच्यातलंच सिरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतकं आहे. फक्त एका जागी साठलेलं सापडत नाही. या मूलद्रव्यांचे आयन अंगाने मोठे. शिलारस गोठताना नेहमीची खनिजं आधी बनतात, त्यांच्या स्फटिकात यांना चौथी सीटही मिळत नाही. ती रसातच उभी राहतात. खोलवरचा खडक वितळू लागला की सगळ्यात आधी बाहेर पडतात तीही हीच. म्हणून खडक किंचित वितळला तर तो रस त्यांनी दाट, भरपूर वितळला तर पाणचट. आपला सह्याद्री पाणचटातला. ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एवढा आला की आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. कोकणची काळी वाळू त्याचाच चुरा.

गंमत म्हणजे त्याच सुमारास नर्मदेच्या उत्तरेला, गुजरातेत आंबाडुंगरला, दाट रसही वर आला. तिथला कार्बोनेटाइट दिसतो चुनखडीसारखा, पण आहे अग्निजन्य, आणि त्यात रेअर अर्थ आहेत. कॅलिफोर्नियातली माउंटन पासची खाणही याच जातीची. १९४९ साली तिथे लोक युरेनियम शोधत होते, हाती लागलं बास्टनेसाइट, रेअर अर्थचं खनिज.

“मग केरळच्या वाळूत रेअर अर्थ कसे?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. तिथल्या नद्या बेसॉल्टवरून, म्हणजे सह्याद्रीच्या गोठलेल्या लाव्हावरून, येतच नाहीत. त्या उतरतात चार्नोकाइट, खोंडालाइट अशा फार जुन्या खडकांवरून. त्यात मोनाझाइट हे रेअर अर्थचं खनिज असतं, मधाच्या रंगाचं. खडक कुजतो, हे दाणे कुजत नाहीत. आणि जड असल्यामुळे लाटा हलकी वाळू ओढून नेतात तेव्हा मागे राहतात. १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला ते त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत दिसलं. तेव्हा मोल होतं त्यातल्या थोरियमला, गॅसबत्तीच्या मँटलसाठी.

तो काथ्या रत्नागिरीजवळच्या मालगुंडचा असता, तर शोंबर्गने झटकून टाकला असता.