तांबीला न शोधण्याचं काम

सकाळी साडेदहाला आम्ही दत्तक दिलेली तांबी कुत्री नव्या घरी गेली आणि पावणेबाराला तिथल्या ताईंचा फोन आला. "पट्टा माझ्या हातात आहे हो, पण ती गेली!" मागे चार-पाच जणांचा आरडाओरडा चालला होता, "तांबी! ये ये ये!" मी म्हटलं, आधी सगळ्यांना गप्प करा आणि घरात बोलवा. कुत्री पळालीय आणि ही बाई शोधू नका म्हणते, असं त्यांना वाटलं असणार.

पण नव्या घरात जेमतेम तास काढलेल्या कुत्र्याला ते घर आपलं नसतं, माणसंही आपली नसतात. आणि 'तांबी' हे नाव फॉस्टरकडे, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तिला सांभाळणाऱ्याकडे, पडून अवघे 3 आठवडे झालेले. घाबरून सुटलेलं कुत्रं जीव वाचवायला पळतं. मागे धावणारा त्याच्या लेखी शिकारीच. वर्षानुवर्षं सांभाळलेलं कुत्रंसुद्धा या अवस्थेत मालकाला ओळख देत नाही. पाठलाग झाला नाही तर ते बहुधा जवळपासच एखाद्या झुडपात नाहीतर गाडीखाली दबून बसतं. झाला, तर रस्ते ओलांडत कुठल्या कुठे जातं.

फोनवर तीनच गोष्टी विचारल्या: पट्टा तुटला की डोक्यातून निघाला, कुठल्या दिशेला गेली, अंगावर काय राहिलंय. पट्ट्याचं बक्कल लागलेलंच होतं, म्हणजे तो डोक्यातून निघाला होता. छाती-पाठीभोवती बसणारा हार्नेस आम्ही दिला होता, पण 'दोन मिनिटं शू करून आणायची' म्हणून तो खुंटीवरच राहिला.

पट्टा आणि मान यांच्यामध्ये 2 बोटं मावावीत, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तांबीसारख्या निमुळत्या डोक्याच्या कुत्र्यांना तो पुरत नाही. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, मागे सरतं. दोरी पुढून ताणलेली असते, त्यामुळे पट्टा मानेवरून कानांकडे सरकतो. आणि भीतीने कान मागे चपटे झालेले असतात, म्हणजे पट्टा अडायची शेवटची जागाही गेली. यासाठी मार्टिंगेल पट्टा लागतो: ओढ बसली की ठरावीक मापापर्यंत आवळतो, गळा मात्र दाबत नाही.

'चिप बसवलीय ना, मग सापडेल की' असंही कोणीतरी म्हणालंच. कातडीखाली बसवलेल्या या चिपमध्ये फक्त 15 आकडी क्रमांक असतो, तोही स्कॅनर अंगाजवळ नेल्यावर दिसतो. कुत्रं कुठे आहे हे ती सांगत नाही.

जागेवर आम्ही दोघंच गेलो. बाकीचे फलकांच्या मागे लागले. मोठा फोटो, मोठा फोन नंबर, आणि चालत्या गाडीतूनही वाचता येईल असं: 'पाठलाग नको. हाक नको. फोन करा.' बक्षिसाचा मजकूर मी काढायला लावला. बक्षीस दिसलं की दहा पोरं कुत्र्यामागे धावतात, आणि पाठलाग नको या ओळीला मग काही अर्थ राहत नाही.

2 वाजून 10 मिनिटांनी मैदानाच्या भिंतीलगत दिसल्याचा फोन आला, 3 वाजून 40 मिनिटांनी त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाशी. दीड तासात तीच भिंत, म्हणजे तिथेच फिरतेय. तिथल्या एकाच कोपऱ्यात पाण्याचं भांडं, मूठभर उकडलेलं चिकन आणि फॉस्टरकडची तिची न धुतलेली चादर ठेवली. अशा चादरी चार ठिकाणी पसरू नयेत. वासाची जागा एकच हवी. जुना फोन व्हिडिओ कॉलवर लावून झाडाला बांधला आणि आम्ही लांब जाऊन बसलो. या कामाचा मोठा भाग म्हणजे नुसतं बसणं, आणि नव्या स्वयंसेवकांना नेमकं तेच जमत नाही.

खाण्यात गुंगीचं औषध घालायची सूचना आली. अजिबात नाही. अर्धवट गुंगलेलं कुत्रं आपल्यासमोर शांत झोपत नाही. दूर जाऊन रस्त्यावर किंवा पाण्यात पडतं. भुलीच्या डार्टचंही तेच. औषध चढायला काही मिनिटं लागतात, डार्ट लागलेलं कुत्रं त्या वेळात पळत असतं, आणि भीतीने अंगात जो जोर आलेला असतो त्यापुढे नेहमीची मात्राही कमी पडू शकते. मोठा पिंजरा गाडीत तयार होता, पण राखीव. पिंजऱ्याचं दार पाठीवर आपटून कुत्रं निसटलं, तर पुन्हा त्यात पाऊल ठेवत नाही.

संध्याकाळी फॉस्टर दादा त्यांच्या म्हाताऱ्या मोत्याला घेऊन आले. मोत्याच्या हार्नेसला 10 मीटरची दोरी. दादा भिंतीपासून लांब, जमिनीवर, आडव्या अंगाने बसले. तोंड मोत्याकडे, नजर खाली. खाऊची पिशवी कुरकुरवायची, एक तुकडा मोत्याला, एक बाजूला घरंगळत सोडायचा. फेकायचा नाही. हात वर गेला की दगड मारायला उचलल्यासारखा दिसतो, आणि रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला ते चांगलं ठाऊक असतं.

5 वाजून 50 मिनिटांनी ती भिंतीच्या कडेला दिसली. साधारण 15 मीटरवर थांबली, जांभई दिली, ओठ चाटले. ही झोप किंवा भूक नव्हे, ताण. दादा हलले नाहीत. ती 8 मीटरवर आली असेल, तेवढ्यात फलक पाहिलेला एक भला माणूस दुचाकी थांबवून मोठ्याने म्हणाला, "हीच ना ती?" झालं. पुन्हा भिंतीपाशी. वीस मिनिटं वाया गेली, आणि मी त्या माणसाला हसून धन्यवाद दिले, कारण आवाज चढवणं परवडणारं नव्हतं.

शेवटी मोत्याने काम केलं. त्याचं नाक लागलं तशी तिची शेपटी पोटाखालून जराशी सुटली. दादांनी सरकफासाची दोरी मोठी उघडून मांडीजवळ ठेवली होती आणि तुकडे त्या फाशाच्या आत. पहिले चार-पाच तुकडे नुसतेच खाऊ दिले. नंतर हनुवटीखालून, छातीला हात. वरून डोक्याकडे हात नेला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. सातव्या-आठव्या तुकड्याला मान आत असताना दोरी हळूच वर घेतली. ती अर्धा मिनिट मासोळीसारखी उसळली; दादांनी तिला अंगाशी धरलं, मी दुसरी दोरी अडकवली. हार्नेस घातला तो गाडीची सगळी दारं बंद झाल्यावरच.

मागच्या पंजाच्या गाद्या सोलवटल्या होत्या, एक नख मुळाशी तुटलेलं. पाणी थोडं थोडं दिलं. गटागटा प्यायली की उलटी करतात. मग डॉक्टर.

रात्री तो पट्टा मी तिच्या मानेवर घालून पाहिला. माझी चार बोटं सरळ आत गेली. फॉस्टरकडे ती कायम हार्नेसवर चालायची, म्हणून पट्ट्याचं माप कोणी ओढून तपासलंच नव्हतं. चूक आमची होती, ताईंची नाही; म्हणून दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडेच परत गेली. या वेळी मार्टिंगेल आणि हार्नेस दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्या, एक ताईंच्या कमरेला बांधलेली, आणि आतलं दार लागल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. घरात कोणी जागं असेल तेव्हा हार्नेसला 2 मीटरची हलकी दोरी लोंबती ठेवायची. तिच्या टोकाचा फास मी कापून टाकला, नाहीतर तो खुर्चीच्या पायात अडकतो आणि कुत्रं पुन्हा बिथरतं.

तिसऱ्या दिवशी ताईंनी फोटो पाठवला. तांबी टेबलाखालून बाहेर येऊन पाणी पीत होती. दोरी मागे लोंबत होती, आणि दार बंद होतं.