लिफ्ट केलेली थार आणि बातल ते ग्रामफू: स्पितीला जाणाऱ्यांनी स्प्रिंग घेण्याआधी वाचा

कंबरेला पट्टा बांधून टाइप करतोय, त्यामुळे भाषा जरा तिखट वाटली तर समजून घ्या. पुणे, किन्नौर, काझा, कुंझुम खिंड, मनाली असं करून नुकताच परत आलोय. निकाल आधीच सांगून टाकतो: फक्त स्पितीसाठी नव्या थारला लिफ्ट लावायची, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करायची, काडीची गरज नाही. आणि हौस म्हणून लावायचीच असेल तर दुकानदाराच्या तोंडाकडे बघून लावू नका, गाडीच्या वजनाकडे बघून लावा.

गाड्या तीन होत्या. माझी २०२२ची डिझेल हार्डटॉप थार, गाडी दोन इंच उंच करणारी स्प्रिंग आणि शॉकची (झटके शोषणाऱ्या नळ्यांची) पूर्ण किट लावलेली. पम्याची थार पण तशीच, फक्त त्याने किटऐवजी स्पेसर टाकलेले, म्हणजे पुढे आहे त्याच स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या एकत्र खांबाच्या) डोक्यावर आणि मागे स्प्रिंगवर जाड चकत्या. तिसरी काकांची जिम्नी, शोरूममधून आली तशीच, बदल एकच, ऑल टेरेन म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे टायर. निघताना काकांनी आमच्या गाड्या खालून वर बघितल्या आणि विचारलं, "किटबरोबर चढायला शिडी देतात का रे?" आम्ही हसलो. बातलच्या पुढच्या खराब रस्त्यावर काका हसत होते.

पुणे ते नारकंडा, कल्पा, नाको, ताबो यावर मी काही लिहीत नाही. रस्ते चांगले, जेवण चांगलं, गाडी कुठलीही चालते. अल्टिट्यूड, औषधं, कपडे हेही लिहीत नाही, इथपर्यंत वाचताय म्हणजे तेवढं तुम्हाला माहीत असणार. फक्त एक, किन्नौरकडून चढा आणि मनालीकडे उतरा, उलटं करू नका, उंची हळूहळू मिळते आणि वाईट रस्ता येतो तोवर गाडीची कुरकुर कळून चुकलेली असते.

आता किटची गोष्ट. पुण्यात दुकानात मी स्पष्ट सांगितलं होतं, माझ्या गाडीला लोखंडी बंपर नाही, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) नाही, पुढेही लावणार नाही, दोन माणसं आणि बॅगा एवढाच लोड. त्यावर उत्तर आलं, "सर, थारला हीच एक किट येते, टूरिंगचीच आहे." साफ थाप. ओल्ड मॅन एमू घ्या, आयर्नमॅन घ्या, या लोकांचा धंदाच या गणितावर उभा आहे की एकाच उंचीची स्प्रिंग वेगवेगळ्या वजनासाठी वेगवेगळ्या कडकपणाची बनवायची. लोखंडी बंपर आणि विंच मिळून पुढच्या एक्सलवर सहज ८०-१०० किलो वाढतं. ते वजन उचलायला बनवलेली स्प्रिंग मोकळ्या नाकाच्या गाडीला लावली की ती दबतच नाही, म्हणून माझी 'दोन इंचाची' लिफ्ट पुढे जवळपास तीन इंच निघाली. उभ्या गाडीत भारी दिसते. फोटोला तर एकदम कडक.

हे कळलं कुठे, तर काझाला. पुढचं चाक पंक्चर झालं म्हणून काढलं तेव्हा स्प्रिंगच्या वेढ्यावर छापलेला नंबर दिसला, हॉटेलच्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवर कंपनीचा चार्ट उघडला आणि त्या नंबरपुढे सरळ लिहिलेलं, बंपर आणि विंच असलेल्या गाडीसाठी. दुकानदाराला फोन लावला तर म्हणतो, "पुढे कधी बंपर टाकलात तर कामाला येईल ना सर." मग मी मराठीत जे बोललो ते इथे लिहिता येत नाही.

लोसारवरून सकाळी लवकर निघा. कुंझुम साधारण ४,५५० मीटर, चढाला काही अडचण नाही, मग बातलकडे वळणावळणाचा उतार. चंद्रताल सुंदर आहे, फोटो सगळीकडे मिळतील. माझा विषय आहे बातलपासून छोटा दडा, छत्रू करत ग्रामफूपर्यंतचा तुकडा, साधारण ५० किलोमीटर. याला रस्ता म्हणणं हा मोठेपणा झाला. नदीने आणून टाकलेले गोल धोंडे, काही नारळाएवढे, काही त्याच्या दुप्पट, मध्ये ढिली बारीक खडी, आणि बऱ्याच ठिकाणी पाणी रस्ता आडवं ओलांडत नाही तर रस्त्यावरूनच चालत येतं. वरचं बर्फ ऊन लागल्यावर वितळतं म्हणून दुपारनंतर नाले फुगतात, हे सगळे सांगतात आणि खरं आहे, आम्ही सप्टेंबरमध्ये होतो तरी सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी पोटरीला लागत होतं.

अशा रस्त्यावर गाडीला उंचीपेक्षा जास्त लागतं ते चाक खाली जाऊ देणारं सस्पेन्शन. चाक खड्ड्यात उतरलं पाहिजे आणि गाडीचं अंग वर जागेवर राहिलं पाहिजे. माझ्या पुढच्या स्प्रिंगने गाडी आधीच एवढी वर धरलेली की चाकाला खाली जायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात शॉक शेवटच्या टोकाला जाऊन टक्क, मग अख्खं नाक खाली आदळणार, मग ती हेवी स्प्रिंग परत वर फेकणार. टक्क, धाड, फेक. पन्नास किलोमीटर. छोटा दड्याच्या आसपास मागच्या डाव्या शॉकवर तेलाचा ओघळ दिसायला लागला, सारखं वरखाली होऊन आतलं तेल तापतं, फेसाळतं, सील जातं, आणि मग ती बाजू बैलगाडीसारखी चालते. माझ्या शेजारी बायको बसली होती, छत्रूपर्यंत ती माझ्याशी बोलत नव्हती आणि छत्रूला जे बोलली त्यापेक्षा न बोलणं बरं होतं.

पम्याची वेगळी कथा. स्पेसरवाल्यात गाडी मऊच राहते, स्प्रिंग ओरिजिनलच असते ना, म्हणून पहिल्या दिवशी त्याला वाटलं आपण लाखभर वाचवले. पण नव्या थारला पुढे इंडिपेंडंट डबल विशबोन आहे, म्हणजे पुढचं प्रत्येक चाक दोन आर्मवर स्वतंत्र वरखाली होतं. स्ट्रटच्या डोक्यावर इंचभर चकती टाकली की चाकापाशी ती दीड-दोन पट होऊन मिळते, कारण स्ट्रट आर्मच्या मध्ये कुठेतरी बसतो. आणि स्ट्रट तेवढाच खाली सरकल्यामुळे चाक लटकताना चाकाला ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा सांधा (सीव्ही) कंपनीने ठरवलेल्या कोनाच्या बाहेर वाकतो. सपाट हायवेवर काही कळत नाही, या धोंड्यांवर मात्र चाक पुन्हापुन्हा पूर्ण लटकतं. छत्रूला चहाला थांबलो तर पुढच्या उजव्या रिमच्या आतून काळं ग्रीस उडालेलं, सीव्हीवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेलं. आत वाळू आणि पाणी गेलं की तो सांधा किती दिवस टिकणार ते देवाला माहीत.

आणि काका? काकांनी बातललाच हवा २२ पीएसआयला आणली, लो रेंज (हळू पण जास्त ताकदीचा फोर-व्हील मोड) टाकली आणि दुसऱ्या गिअरमध्ये डुलत डुलत आले. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी, माझ्या थारचा लिफ्टआधीच २२६ होता. दोन ठिकाणी गाडीचं पोट घासलं, खालच्या पत्र्यावर ओरखडे आले, बास. आम्ही छत्रूला पोचलो तेव्हा त्यांची राजमा-चावलची ताटली अर्धी झालेली. अख्ख्या तुकड्यात मला असा एकही धोंडा आठवत नाही जिथे लिफ्ट नसलेली थार अडली असती. उलट जिथे आपटायची भीती होती तो भाग म्हणजे मागचा डिफ (डिफरन्शियल, एक्सलच्या मधला गोळा), आणि लिफ्टने तो एक मिलिमीटरही वर जात नाही, कारण मागचा एक्सल सरळसोट आहे, चाकांना बांधलेला. तो वर न्यायचा उपाय एकच, मोठा टायर. २५५/६५ आर १८ मापाच्या टायरचा व्यास साधारण ७८८ मिमी, २५५/७० घेतला तर ८१४, म्हणजे डिफखाली १३ मिमी वाढली. एवढंच. तेवढ्यासाठीसुद्धा घासतंय का ते स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघावं लागतं.

ग्रामफूवरून कोकसर आणि मग अटल बोगदा. मनालीत पम्याच्या बूटचं काम. रबरी बूट, क्लॅम्प आणि ग्रीस, मजुरी धरून फार तर दोन-अडीच हजारांचं काम, मिस्त्रीने एमएच नंबर बघितला आणि "पूरा एक्सल जाएगा" पासून सुरुवात केली, मग नऊ हजार, शेवटी साडेसात. वर म्हणतो सीझन आहे. तेव्हा थार लिफ्ट केलेली असेल तर बूटचा एक सेट, क्लॅम्प आणि ग्रीसची ट्यूब घरूनच न्या, सामान आपलं असलं की भाव फक्त मजुरीचा होतो.

एवढं वाचूनही लिफ्ट करणारच असाल (करणार, माहितीये मला) तर हे करा. गाडी जशी प्रवासाला नेणार तशी भरा, कॅरिअर, कॅन, सगळं, आणि वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा करून घ्या. वाळूच्या ट्रकांचा काटा चालतो. त्या आकड्यावरून स्प्रिंग निवडा, आणि खोका फोडल्यावर स्प्रिंगवरचा नंबर स्वतः वाचून चार्टशी ताडा, मगच गाडी वर चढवू द्या. वजन वाढलेलं नसेल तर थारला दीड इंचाच्या वर जाऊच नका. स्प्रिंग बदलली तर शॉकपण त्याच मापाचे घ्या, जुने शॉक ठेवून नुसती उंच स्प्रिंग म्हणजे माझ्यासारखं टक्क टक्क.

उंची मोजायची ती जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपरे, आधी आणि नंतर, कारण टायरच्या हवेने जमिनीचं माप फसवतं. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे. हे बहुतेक गॅरेजवाले करत नाहीत, गाडी गॅरेजच्या उचलायच्या लिफ्टवर लटकलेली असतानाच आवळून टाकतात, मग खाली उतरवल्यावर आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. समोर उभे राहा आणि करून घ्या, पोराला राग आला तर येऊ दे. अलाइनमेंट बसवल्या दिवशी एकदा आणि हजारेक किलोमीटरने स्प्रिंग बसल्या की परत एकदा. आणि नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत) नको, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) यांचाही प्रिंट मागा. कॅस्टर कमी झाला की हायवेला गाडी ट्रकच्या वाऱ्याने भरकटते, इंदूरच्या पुढे माझे हात भरून आले होते. हेडलाइट खाली करायला विसरू नका, समोरचे शिव्या देतात आणि बरोबर देतात.

जिम्नीवाल्यांनी उगाच हसू नये. तुमच्याकडे दोन्ही एक्सल सरळ, त्यामुळे सीव्हीचं दुखणं कमी, पण लिफ्ट केली की पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूने धरणारा दांडा) एक्सलला बाजूला ओढतो आणि कॅस्टर तुमचाही जातो, तेव्हा ॲडजस्टेबल रॉड आणि कॅस्टरचे बुश याचे पैसे आधीच धरा. जुन्या सीआरडीई थारवाले टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी पिळाची सळई) आवळून फुकटात पुढची उंची वाढवतात, तो प्रकार या रस्त्यावर आणू नका, पाठीचे मणके मोजता येतील.

मला आता परत जायचं झालं तर लिफ्टच्या पैशात मी चांगले ऑल टेरेन टायर, इंजिन आणि गिअरबॉक्सखाली जाड स्किड प्लेट, आणि हवा भरायचा दमदार कॉम्प्रेसर घेईन आणि वर डिझेलचे पैसे उरतील. हवेचं पण एक लक्षात ठेवा, पुण्यात ३३ भरलेली हवा कुंझुमवर बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे गेजवर चार-पाच पीएसआय जास्त दाखवते, थंडीने थोडी उतरते तरी टायर कडकच राहतो, म्हणून हवा वरच्या उंचीवर गेज लावूनच कमी करा. काझाला टाकी फुल करा, पुढे कुंझुमच्या रस्त्याला ग्रामफूपर्यंत पंप नाही.

कायद्याचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. दुकानदार "सगळेच करतात सर" म्हणेल, पण वॉरंटीचा आणि इन्शुरन्सचा क्लेम अडकला तर कागद घेऊन तुम्ही धावणार आहात, तो नाही.

माझ्या गाडीत ओरिजिनल स्प्रिंग आणि शॉक परत बसले, काल खडकवासल्याकडे चक्कर मारली, बायको बोलली. पुढच्या दोन हेवी स्प्रिंग विकायच्या आहेत, ज्याच्या थारला खरोखर लोखंडी बंपर आणि विंच आहे त्यानेच मेसेज करा. मोकळ्या गाडीवाल्याला कितीही पैसे दिले तरी देणार नाही. मागचे शॉक विकत नाही, एक गळतोय.