चुकीचा कोड पास, बरोबर कोड नापास

नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार आली होती. पैसे भरताना व्यवहार फसला तरी खुर्ची ‘विकली’ दिसायची आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्याशिवाय मोकळी व्हायची नाही. डेटाबेसात त्या विक्रीची नोंदच नव्हती, म्हणजे घोळ मेमरीतल्या नकाशात होता.

नकाशा म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेतला द्विमितीय इंट अ‍ॅरे, म्हणजे पूर्णांकांचा तक्ता: 20 रांगा, रांगेत 24 खुर्च्या, 0 मोकळी, 1 विकलेली. खुर्ची निवडली की नकाशाचा क्लोन, म्हणजे प्रत, काढायचा, 1 त्या प्रतीत लिहायचा. पैसे आले तर प्रत मूळ नकाशाच्या जागी ठेवायची, नाहीतर टाकून द्यायची. (दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर काय, यासाठी लॉक होतं, ते नीट चालत होतं.)

मेख अशी की जावात द्विमितीय अ‍ॅरे म्हणजे अ‍ॅरेंचा अ‍ॅरे. बाहेरच्यात नुसते 20 रेफरन्स (रांग मेमरीत कुठे आहे ते दाखवणारे पत्ते), आणि प्रत्येक रांग हा वेगळा ऑब्जेक्ट. क्लोन बाहेरचा अ‍ॅरे नवा करतो, रांगा जुन्याच राहतात. प्रतीत लिहिलेला 1 थेट मूळ नकाशात पडत होता. सुगावा लॉगमध्येच होता. अ‍ॅरेज.टूस्ट्रिंगने छापलेल्या ओळीत आकड्यांऐवजी ‘आय@’सारखा कचरा दिसतो म्हणून तिकडे कुणी बघत नव्हतं, पण मूळ आणि प्रत, दोन्हींत तो कचरा अक्षरशः एकच होता. डीबगरमध्ये दोन्हींची पहिली रांग दुहेरी बरोबर चिन्हाने ताडली. उत्तर ट्रू, म्हणजे रांग एकच.

दुरुस्ती सोपी: नवा बाहेरचा अ‍ॅरे करायचा आणि लूपमध्ये एकेका रांगेचा क्लोन त्यात भरायचा. अ‍ॅरेज.कॉपीऑफ इथे कामाचं नाही, तेही वरचाच थर उतरवतं. ‘मेमरी किती खाईल’ अशी शंका निघाली. 64 बिटी हॉटस्पॉटवर (जावाचा कोड चालवणारं नेहमीचं सॉफ्टवेअर), नेहमीच्या सेटिंगमध्ये, एक रांग 16 (हेडर) + 24 × 4 (दर इंटला 4) = 112 बाइट. अख्खी प्रत सव्वादोन केबीच्या आसपास. विषय संपला.

खरी गंमत पुढे झाली. ‘प्रत मुळासारखीच आहे’ हे तपासणारी टेस्ट इतके दिवस हिरवी (पास) होती, ती दुरुस्तीनंतर लाल (नापास) झाली! तिच्यात अ‍ॅरेज.इक्वल्स होतं. अ‍ॅरेंच्या अ‍ॅरेवर ते रांगेतले आकडे बघत नाही, रांग तोच ऑब्जेक्ट आहे का एवढंच बघतं. त्यामुळे सामायिक रांगांना पास, स्वतंत्र रांगांना नापास. तिथे अ‍ॅरेज.डीपइक्वल्स हवं, आणि छापायला डीपटूस्ट्रिंग. शिवाय दुसरी टेस्ट घातली: प्रतीत एक खुर्ची बदला, मुळात ती 0 च आहे ना ते बघा. जुना कोड हिच्यापुढे टिकला नसता.

नंतर दर आणि वर्ग ठेवायला इंटच्या जागी खुर्चीचे ऑब्जेक्ट आणायचं ठरलं. खुर्चीला सेटर (आतली किंमत बदलणारी मेथड) असतील तर रांगांचा क्लोनही अपुरा, कारण खुर्च्या पुन्हा सामायिक. म्हणून खुर्ची रेकॉर्ड केली, म्हणजे जिची फील्ड एकदा ठरली की बदलत नाहीत असा प्रकार (जावा 16 पासून ते पक्कं मिळतं), आत फक्त इंट आणि बूलियन. बदल करायचा तर त्या जागी नवी खुर्ची ठेवायची. रेकॉर्डचं इक्वल्स फील्डच ताडतं, त्यामुळे डीपइक्वल्सची टेस्ट तशीच चालली.