पहिला करार आणि दुसरा

"सर, पोरगं चांगलं खेळतंय, पण फुटबॉलवर पोट भरतं का?" सांगलीत पोरांना फुटबॉल शिकवतो म्हणून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही गाठतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भरतं, पण त्याचा निकाल पहिल्या करारावर लागत नाही, दुसऱ्यावर लागतो.

फिफाच्या नियमानं 18 वर्षांखालच्या खेळाडूशी 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही. पोरगा सतराव्या वर्षी सही करतो, पेपरात फोटो येतो, गल्लीत फ्लेक्स लागतो. विशीत येईस्तोवर मुदत संपलेली. मधल्या काळात सराव मुख्य संघाबरोबर आणि सामन्याच्या दिवशी बाकावर. नवा करार करताना क्लब फ्लेक्स बघत नाही, तुम्ही मैदानावर किती मिनिटं होता ते बघतो.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं नाव सगळे घेतात. 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला आणि त्याच वर्षी इंडियन अ‍ॅरोज संघाकडून आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीविरुद्ध 2 गोल मारले. गुणी पोरगा, शंकाच नाही. पण अ‍ॅरोज हा संघ भारतीय फुटबॉल महासंघानं तरुणांना खेळायला मिळावं म्हणूनच उभा केला होता, हे कुणी सांगत नाही. 2022 मध्ये तो बंद झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमध्ये क्लबांची तरुण पोरं खेळतात, तेवढाच आधार.

दुसरं, मैदानावरच्या जागेचं. आमच्याकडं प्रत्येकाला स्ट्रायकर व्हायचंय. कोल्हापुरात पेठांचे सामने बघून आलेल्यांना तर जास्तच. आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, क्लब परदेशी खेळाडू आणतात ते बहुतेक गोल मारायला, नाहीतर मधल्या फळीत खेळ रचायला. त्यांना वीस वर्षांचं पोरगं कुठं हटवणार? फुलबॅक, म्हणजे बचावफळीत कडेला खेळणारा, मात्र बहुधा भारतीयच असतो. हे सांगितलं की बापाचा चेहरा उतरतो. पोराला शेतात राखणीला बसवल्यासारखं वाटतं त्यांना! मी तरीही डाव्या पायाचं पोरगं दिसलं की आधी तिथंच खेळवून बघतो.

बारावी सोडायची का? नाही. दुखापत वेळ बघून येत नाही.

आणि क्लबचं बोलावणं आलंच, तर पगाराआधी एक विचारा: गेल्या हंगामात तुमच्या राखीव संघातली किती पोरं मुख्य संघाकडून प्रत्यक्ष खेळली?