लॉकरचा दिवा

चिखला-डोंगरांच्या वाटांसाठी बांधलेली गाडी तयार झाली की पहिल्या दिवशी मालकाबरोबर मी स्वतः जातो. गाडी बांधणं हे आपलं काम, चालवायला शिकवणं नाही, असं गॅरेजमधले बाकीचे म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही.

ही गाडी दोन्हीकडे सॉलिड एक्सलची, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच अखंड आसावर. २ इंच लिफ्ट, म्हणजे स्प्रिंगवर बॉडी तेवढी उचललेली, २९ च्या जागी ३३ इंची मड टायर, मागे एअर लॉकर, म्हणजे बटण दाबलं की हवेच्या दाबाने मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा, आणि पुढे विंच, दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र. लिफ्ट केली की गाडी उंच दिसते आणि लोक खूश होतात. पण अशा गाडीत डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरचा डबा, लिफ्टमुळे जमिनीपासून सूतभरही वर येत नाही. तो येतो टायरमुळे, आणि टायर ४ इंचांनी वाढवला तर गोळा फक्त २ इंच वर. हे न सांगता किट विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

वाटेत खाली चिखल, वर बर्फ. टायरमधली हवा १८ पीएसआयवर आणली. लो-रेंज, म्हणजे कमी वेग आणि जास्त ताकद, आणि दुसरा गियर. "लॉकर लावा," मी म्हणालो. त्यांनी लावला आणि गाडीने चिखल असा काढला की माझी छाती फुगली. टायरच्या खाचांतून सुटलेले चिखलाचे गोळे मडगार्डवर थडाथड आपटत होते. तो आवाज आला की समजायचं, टायर स्वतःला साफ करतोय. वर बर्फात वेग कमी झाला तसा तो आवाज थांबला. उरलेला चिखल खाचांतच थिजला आणि टायर गुळगुळीत झाले.

पुढे आडवा उतार. मी उतरून पुढे चालत खुणा करत होतो. त्यांनी जरा पाय दाबला आणि मागची दोन्ही चाकं एका सुरात घरघरली. तेव्हा लक्षात आलं, लॉकर अजून लागलेलाच आहे. लॉकर सुटा असता तर एकच चाक जागच्या जागी फिरलं असतं आणि दुसऱ्याने गाडी धरून ठेवली असती. दोन्ही एकदम फिरली की आडवी पकड उरतच नाही. "पाय काढा!" मी ओरडलो. पण मागचा भाग आवाज न करता खाली सरकत गेला आणि साचलेल्या बर्फात रुतून थांबला. त्याच्याखाली घळ होती.

आधी इंजिन बंद करायला लावलं. सायलेन्सरचं तोंड बर्फात गाडलं गेलं होतं, आणि तसंच चालू ठेवलं तर धूर गाडीत शिरतो. तोंड मोकळं केलं. मागचा एक्सल पट्ट्याने वरच्या झाडाला बांधला, विंचचा दोर पुलीतून फिरवून परत गाडीला आणला, दोर तुटला तर उसळू नये म्हणून त्यावर ओलं जॅकेट टाकलं. लॉकरचं बटण बंद केलं तरी तो लागलेला असल्याचा दिवा काही विझेना. एक्सलवर पीळ असला की लॉकरचे दात सुटत नाहीत. विंचने वीतभर ओढल्यावर मागून 'टक्' आवाज आला आणि दिवा गेला. पुढे दोन तास लागले.

"चूक माझीच, मी विसरलो," ते म्हणाले. मग मी त्यांच्या जागेवर बसून पाहिलं. लॉकरचं बटण आणि दिवा मी गियरच्या दांड्याशेजारी बसवले होते. त्यांच्या जाड जॅकेटची बाही बरोबर दिव्यावर येत होती. बसवताना मी गॅरेजमध्ये अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होतो.

दिवा समोर असता तर त्यांनी लॉकर काढला असता का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. कारण चिखलात लॉकर काय करतो ते मी त्यांना सांगितलं होतं, आडव्या उतारावर काय करतो ते नाही. त्यांच्या गाडीतला दिवा आता स्टिअरिंगच्या वर आहे. त्याच जागी दिवा असलेल्या आणखी सात गाड्या मी बांधल्या होत्या. सगळ्यांना फोन केले. तीन अजून आलेल्या नाहीत.