मधला म्युझिक पीस प्रेक्षकांनी गायला

सकाळची डेक्कन क्वीन, दुपारभर काळा घोड्याच्या गल्ल्यांमधून पावसात भटकंती, रात्री दादरहून शिवनेरी. मुंबईच्या या फेरीतलं बाकीचं सगळं एवढ्यात आटोपतं. लिहायचंय ते नरिमन पॉइंटला, एनसीपीए या कलासंकुलाच्या टाटा थिएटरमध्ये संध्याकाळी सात ते सव्वानऊ जे झालं त्याबद्दल. त्यातही खरं तर चाळीसेक सेकंदांबद्दल.

गाणाऱ्या जोडीची नावं देत नाही, कारण मला समोर बसलेल्या माणसांविषयी लिहायचंय. नव्वदच्या दशकात ज्यांच्याकडे यांच्या कॅसेट होत्या त्यांना पुढचं वाचून ओळख पटेलच. दोघंही आता साठीच्या पुढचे. त्या काळचं त्यांचं रेकॉर्डिंग म्हणजे प्रोग्रॅम केलेले ड्रम, कीबोर्डवरची व्हायोलिनं, आणि एकच आवाज दोनदा घेऊन एकावर एक बसवलेला. या वेळी जाहिरातीतच स्पष्ट लिहिलं होतं: दोन आवाज, एक गिटार, एक पेटी. तरीही पडदा वर गेल्यावर दोन स्टुलं, एक पेटी आणि स्टँडवरची एक जादा गिटार एवढंच दिसलं तेव्हा माझ्या मागच्या रांगेतून आवाज आलाच, "बाकीचे कुठेयत?"

असे कार्यक्रम म्हणजे काही नवं खूळ नव्हे. एमटीव्हीचा अनप्लग्ड, म्हणजे इलेक्ट्रिक वाद्यांशिवायचा गाण्यांचा कार्यक्रम, १९८९ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे हरिहरन आणि लेस्ली लुईस यांच्या कलोनियल कझिन्सचा पहिला अल्बम १९९६ चा, आणि त्या मंचावर गेलेले ते पहिले भारतीय. पण तिथेही मागे बऱ्यापैकी वादक असतात. नुसत्या दोघांनी, तालवाद्याशिवाय दोन तास काढणं हे त्याहून कितीतरी अवघड काम आहे. टाटा थिएटर त्यासाठी योग्य जागा आहे असं माझं ठाम मत. ते १९८० मध्ये सुरू झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं, आणि मूळ विचारच असा की सतार किंवा गाणं माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं. आसनं पंख्यासारखी पसरलेली असल्यामुळे हजार माणसं बसूनही रंगमंच लांब वाटत नाही. बोट तारेवरून सरकल्याची किर्र मला स्वच्छ ऐकू येत होती.

तिकीट काढताना मी मात्र चूक केली. जितकं पुढे तितकं चांगलं, असं धरून दुसऱ्या रांगेत अगदी उजव्या टोकाची जागा घेतली. टोकाला बसलं की एकाच बाजूचा स्पीकर कानावर येतो. पेटी डावीकडे होती, ती मला पूर्वार्धभर गिटारच्या खाली दबलेली ऐकू आली. मध्यंतरानंतर मधल्या भागात, दहाव्या-बाराव्या रांगेत एक जागा रिकामी दिसली तिथे जाऊन बसले आणि अक्षरशः दुसराच कार्यक्रम सुरू झाला. लहान संचाच्या कार्यक्रमाला मधली जागा घ्या, मागची चालेल. तिकिटाच्या किमतीवर आणखी "सोयीचा आकार" म्हणून जे पैसे कापले गेले, त्यात कोणाची सोय झाली हे मला अजून कळलेलं नाही, आणि त्याचा राग आहे.

पहिल्या गाण्याला टाळ्या पडल्या, पण जरा हात राखूनच. कारण लगेच कळत होतं. गाणं खालच्या सुरात उतरवलं होतं. मूळ गाणं पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात, म्हणजे पांढरी तीनमध्ये, आता एक सूर खाली, पांढरी दोनमध्ये. साठीनंतर वरचे स्वर आधी जातात, त्यामुळे पट्टी खाली आणणं हाच प्रामाणिक मार्ग. ओढून-ताणून वर जाण्यापेक्षा किंवा वरची ओळ लोकांकडे माइक धरून म्हणवून घेण्यापेक्षा शतपटीने बरा. पण गिटारवर त्याचा परिणाम होतो. पांढरी तीनला मोकळ्या तारा भरपूर मिळतात, खालची जाड तार घुमते. पांढरी दोनला तो घुमारा तसा मिळत नाही. यांनी गिटारच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला आणि पांढरी एकच्या आकारात वाजवलं, म्हणजे सूर पांढरी दोनचाच, पण तारांची मांडणी वेगळी. त्यामुळे ओळखीचं गाणं जरा परकं वाटतं आणि नेमकं काय बदललंय ते सांगता येत नाही. शेजारचे काका त्यांच्या पत्नीला म्हणाले, "अगं, कॅसेटमध्ये असं नव्हतं." खरंच नव्हतं. पण कॅसेटमध्ये तरी सगळ्यांकडे सारखं कुठे होतं? कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने धावायला हवी. घरोघरच्या टेपरेकॉर्डरचे पट्टे सैल झालेले, सेल उतरलेले. प्रत्येकाच्या कानात त्या गाण्याची वेगळीच पट्टी बसलेली आहे.

तिसऱ्या गाण्याला आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि सभागृहात कुजबुज झाली. दोघांनी आपापले भाग बदलले होते. पूर्वी जो वरचा सूर धरायचा तो आता मूळ चाल गात होता, आणि दुसरा त्याच्या खालच्या तिसऱ्या स्वरावर. चाल तीच, फक्त गळे बदललेले. कडवं संपल्यावर ज्या टाळ्या आल्या त्या पहिल्या मनापासूनच्या टाळ्या.

मधेमधे सूर लावायला वेळ जात होता, आणि त्यावर काही जण चुळबुळत होते. त्यांच्यासाठी सांगते. बाहेर श्रावणातली मुंबई, हवा ओली. त्या हवेतून गिटार एकदम थंड सभागृहात आणली की पोलादी तारा आकसतात आणि सूर चढतो. मग दिवे तापतात, हाताची ऊब लागते, तारा सैलावतात आणि सूर उतरतो. लाकूड या सगळ्याला तारांपेक्षा सावकाश दाद देतं, त्यामुळे पहिला अर्धा तास काहीच स्थिर नसतं. त्यात पेटीचे सूर ठरलेले, पेटी गिटारच्या मागे येत नाही, गिटारलाच पेटीकडे जावं लागतं. यांची पेटी जरा चढी होती, म्हणून गिटारच्या डोक्याला लावलेला, सूर दाखवणारा छोटा ट्यूनर सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४४२ वर ठेवला होता. प्रत्येक गाण्यानंतर गिटारवाले गुडघ्यावरचं सुती फडकं घेऊन तारांवरून एकदा खाली, एकदा वर. घामाने तारा गंजतात आणि निस्तेज वाजतात. दुसरी तार सगळ्यात त्रास देत होती. ती चढवताना ते आधी थोडी उतरवायचे आणि मग खालून वर आणायचे, कारण वरून खाली आणलेली तार दोन ओळींतच आणखी उतरते. मला हे बघायला गाण्याइतकंच आवडलं.

आता टाळ्यांविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पाचवं गाणं त्यांचं सगळ्यात गाजलेलं. सुरुवातीची गिटार वाजताच आख्खं सभागृह ताल धरून टाळ्या वाजवू लागलं. ड्रम असले की याने काही बिघडत नाही, ठोका मंचावरून येतो आणि टाळ्या त्यात विरघळून जातात. इथे ठोका नव्हता. होती ती गिटार वाजवणाऱ्याची अनवाणी टाच, स्टुलाखालच्या लाकडी फळीवर. त्या टाचेला लोक जुमानेनात. पुढच्या रांगा उत्साहात पळू लागल्या, मागच्या मागे पडू लागल्या. त्यात बेशिस्त होती असं नव्हे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागची रांग पंचवीस मीटरवर धरली, तर गाणं तिथे पोचायला सेकंदाचा चौदावा भाग लागतो, आणि त्यांची टाळी मंचावर परत यायला तेवढाच. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत हा उशीर जवळजवळ पाव मात्रेचा होतो. गाणाऱ्याच्या कानावर ती टाळी कायम चुकूनच पडणार. पहिलं कडवं संपेपर्यंत लय इतकी वाढली होती की शब्द तोंडात मावेनात, आणि पेटीवरचे दुसऱ्याकडे बघू लागले.

शेजारचे काका पुढच्या मुलांना म्हणाले, "अरे बाळांनो, जरा टाळ्या थांबवा रे." मुलांना ते ऐकूच गेलं नसावं. मंचावरून कोणी रागावलं नाही. गिटार वाजवणाऱ्यांनी फक्त वाजवणं हळू केलं, मग आणखी हळू, इतकं की टाळीला धरायला काही उरलंच नाही. मग तळहात तारांवर ठेवून ते थांबले. टाळ्या फुटल्या, विखुरल्या, विरल्या.

आता मधला म्युझिक पीस यायचा होता. त्या गाण्याला बासरीसारखा वाजणारा एक तुकडा आहे, केरवा तालाची चार आवर्तनं, शब्दांपेक्षाही जास्त लोकांना पाठ असलेला. मंचावर तो वाजवणारं कोणी नव्हतं. पेटीवर वाजवतील असं मला वाटलं होतं. पेटीवाल्यांनी भाता ओढला आणि नुसता षड्ज धरला.

मागून, डाव्या बाजूने, एका बाईने तो तुकडा गुणगुणायला सुरुवात केली. मोठ्याने नाही, स्वयंपाक करताना गुणगुणावं तसं. दुसऱ्या आवर्तनाला तिची रांग तिच्याबरोबर होती, तिसऱ्याला मधला भाग. कोणी "ला ला" म्हणत होतं, कोणी "ऊं", कोणी तोंड मिटून. त्या तुकड्यात शेवटी एक छोटी घसरण आहे, पंचमावरून गंधारावर मींड घेत येणारी. सगळे तिथे एकत्र घसरले. एकाने शिकवल्यासारखे. हे कधी कोणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं कॅसेट पुढेमागे करताना ते असंच अंगात मुरलेलं.

आणि लय अजिबात हलली नाही. टाळ्यांमध्ये पळणारी हीच माणसं गाताना एका जागी उभी राहिली. याचं कारण मला असं वाटतं: टाळी वाजवताना माणूस स्वतःचा हात ऐकतो, गुणगुणताना शेजाऱ्याचा गळा ऐकावा लागतो. लांबलेल्या स्वराला पाव मात्रेचा उशीर चालून जातो, टाळीच्या टोकाला चालत नाही. चार आवर्तनं संपली तरी लोक थांबले नाहीत, पुन्हा पहिल्यापासून धरलं. तेवढ्यात गिटारवाल्यांनी दुसरी तार हलकेच खाली घेऊन पुन्हा वर आणली. शेवटच्या घसरणीला कॅपोच्या पुढे बोटं बसवून त्यांनी दुसरं कडवं उचललं, तेव्हा ते स्वतः पहिल्या शब्दाला अडखळले. शब्द त्यांच्या जोडीदाराने पुरा केला. शेजारचे काका चष्मा काढून बसले होते. त्यांच्या पत्नीने पदराने स्वतःचे नाही, त्यांचे डोळे पुसले.

त्यानंतरचा तासभर चांगलाच होता, पण त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. एकच तक्रार. त्या चाळीस सेकंदांतही माझ्या पुढच्या रांगेत तीन मोबाइल वर होते आणि एकाचा दिवा चालू होता. ज्यांनी ते रेकॉर्ड केलं त्यांच्या फोनमध्ये त्यांच्याच शेजाऱ्यांचे आवाज सगळ्यात मोठे असणार, कारण जवळचा आवाज जास्त जोरात पोचतो. मंचावरचा षड्ज त्यात जेमतेम असेल. उगाच हात वर धरून स्वतःचा गळा बंद ठेवला त्यांनी. शेवटी "वन्स मोअर"चा गजर झाला, आपल्या नाट्यगृहांतल्या जुन्या सवयीने. त्यांनी तेच गाणं पुन्हा घेतलं नाही, दुसरं घेतलं. शहाणपण केलं. तो तुकडा त्या रात्री दुसऱ्यांदा तसा आला नसता.

बाहेर पाऊस भरात होता. चर्चगेटपर्यंत मरीन ड्राइव्हने चालत जायचा बेत भरतीमुळे सोडला, लाटा कठड्यावरून रस्त्यावर येत होत्या. टॅक्सी मिळायला पंचवीस मिनिटं लागली. पावसात कार्यक्रम सुटल्यावर तिथे हे व्हायचंच, म्हणून परतीची गाडी धरायची असेल तर तासभर हाताशी ठेवा. चर्चगेटहून लोकलने दादर, पुलावरून पूर्वेला, आणि शिवनेरी.

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर कार्यक्रमाला आलेल्याच दोघी बहिणी निघाल्या. पनवेलपर्यंत वाद: तो तुकडा मूळ कॅसेटमध्ये खऱ्या बासरीवर आहे की नाही. धाकटी म्हणे बासरीच, फुंकर ऐकू येते. "ताई, मी पैज लावते." थोरलीने घरी फोन लावला आणि मुलाला कपाटातून कॅसेट काढून आतल्या कागदाचा फोटो पाठवायला सांगितला. घाटात रेंज गेली, लोणावळ्याला फोटो आला. वादकांच्या यादीत बासरीच नव्हती. कीबोर्ड होता. धाकटीने फोटो दोन बोटांनी मोठा करून दोनदा वाचला, फोन ताईच्या हातात परत दिला आणि खिडकीकडे तोंड करून तोच तुकडा पुन्हा गुणगुणू लागली, फुंकरीसकट.